संगणकाचा ताप

माणसाला ताप आला की आपण त्याच्या कपाळावर हात ठेवतो. संगणकाला ताप आला की मात्र त्यालाच नावे ठेवतो. समजा, वैशाखातल्या दुपारी अंबडच्या एखाद्या सेवा केंद्रात दाखल्याचा अर्ज अर्ध्यावर आला आहे आणि यंत्र एकदम बंद पडते. चालवणारा म्हणतो, ‘व्हायरस शिरला!’ आणि खेड्यावरून आलेल्या माणसाचा मजुरीचा दिवस बुडतो. व्हायरस असेलही, पण मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, पहिला संशय उष्णतेवर घ्यावा हे बरे.

ही उष्णता येते कोठून? संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सारी उष्णता होऊन बाहेर पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक चालू झाला, ज्याला पुढे ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले, त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह किती तापतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तसे २७०० एका जागी डोळ्यांसमोर आणावेत. आता नळ्या गेल्या आणि नखाएवढ्या चकतीवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर बसले. पण ताप काही गेला नाही, उलट एवढ्याशा जागेत कोंडला. टेबलावरच्या साध्या संगणकाचा प्रोसेसर भर कामात ६५ वॉटच्या आसपास उष्णता टाकतो. शाळेच्या खोलीत असे दहा संगणक एकदम चालले, तर मॉनिटर वगैरे धरून वर्गात हजार वॉटची शेगडीच पेटवल्यासारखे होते.

प्रोसेसरच्या पाठीवर धातूच्या पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. दोहोंच्या मध्ये थर्मल पेस्टचा पातळ लेप असतो. पात्यांतून एक पंखा हवा ढकलतो आणि पेटीच्या मागचा पंखा ती बाहेर लोटतो. ही साखळी एका जागी तुटली की ताप चढलाच. माठातले पाणी खोलीतल्या हवेहून गार होते, कारण तेथे पाणी झिरपून वाळत असते. पंख्याजवळ ती करामत नाही. तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे.

आता यंत्राचा थर्मामीटर. तो विकत आणावा लागत नाही. प्रोसेसरच्या चकतीतच एक बारीकसा डायोड असतो. त्यातून ठराविक प्रवाह सोडला, तर उष्णता एक अंश वाढताच त्यावरचा विद्युतदाब सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो, आणि त्यावरून अंश काढता येतात. पंख्याच्या तिसऱ्या तारेतून दर फेऱ्याला दोन ठोके येतात. ते मोजले की मिनिटाचे फेरे कळतात. संगणक सुरू होत असताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली, म्हणजे बहुतेक यंत्रांत ‘बायॉस’ उघडते आणि तेथे हे आकडे दिसतात. काम चालू असताना पाहायचे, तर विंडोजवर ‘एचडब्ल्यू मॉनिटर’ आणि लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ फुकट मिळतात. एखाद्या ओळीत १२७ अंश दिसले आणि आकडा हलतच नसला, तर घाबरू नये. बहुधा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो.

किती अंश म्हणजे ताप? पुष्कळसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या जवळ आले की आपली गती आपणच कमी करतात. मत्स्योदरीच्या पायऱ्या भर उन्हात चढणारा जसा मध्येच थबकतो, तसे. तरीही उतार पडला नाही, तर यंत्र स्वतःला बंद करते. पण नुसता आकडा पाहून चालत नाही. डिसेंबरात खोली २५ अंशांवर आणि प्रोसेसर ६० वर असेल, तर फरक ३५ चा. मे महिन्यात खोली ४१ वर गेली आणि प्रोसेसर ७६ वर, तर फरक तोच. यंत्र ठणठणीत आहे, खोली तापली आहे. इलाज खोलीवर करावा. पण खोली ४१ आणि प्रोसेसर ९३ असेल, तर फरक ५२ झाला. मग दुखणे पेटीच्या आत आहे.

गुरुजींनी भिंतीवर साधा थर्मामीटर टांगावा आणि दर सोमवारी एकच ठरावीक काम दहा मिनिटे चालवून दोन्ही आकडे व पंख्याचे फेरे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावेत. वजाबाकी आणि आलेख यांचा याहून चांगला धडा सापडणे कठीण!

आतले दुखणे बहुतेक वेळा धुळीचे असते. आपल्याकडे त्यात कापसाचे तंतू आणि फळ्याच्या खडूची भर पडते, आणि पात्यांमध्ये गोधडीसारखा थर बसतो. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. पंप वापरायचा तर पंखा बोटाने धरून ठेवावा, त्याला भन्नाट फिरू देऊ नये. हीटसिंक उपसलाच, तर जुना लेप पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लावावा. जास्त लावून काही साधत नाही.

खोलीचे म्हणाल, तर पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, आणि चालू यंत्रावर कापडी खोळ कधीच घालू नये. कूलरचा झोत सरळ पेटीवर सोडू नये. ओलसर हवेने धूळ चिकटते. खिडकी उघडी नसेल, तर कूलरचा उपयोगही थोडाच.

आणि फरक ३५ चाच आहे, पंखाही नीट फिरतो, तरी यंत्र बंद पडत असेल, तर त्याच पानावरची १२ व्होल्टची ओळ पाहावी. ती ११.४ ते १२.६ च्या बाहेर जात असेल, तर मेकॅनिककडून मीटर लावून खात्री करून घ्यावी. तसे निघाले, तर दोष उन्हाचा नाही, वीज पुरवणाऱ्या डब्याचा आहे, तो बदलावा.