माळाचा कर्ब

जमिनीस अंक बहाल करण्याचा उद्योग पुणे जिल्ह्यास नवा नाही. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नव्या मोजणीस आरंभ केला, आणि पुढे १८४७च्या संयुक्त अहवालाने मातीचा रंग व पावणेदोन हातांपासून खाली उतरत जाणारी तिची खोली पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत मुक्रर करण्याची रीत कायम केली. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा भूवापर कसा पालटला आणि त्यापायी जमिनीतला किती कर्ब उणावला, याचा हिशेब संगणकावर मांडताना मला त्या प्रतबंदीची वारंवार आठवण होते. तेथे आण्यांवरून शेतसारा ठरे, येथे टनांवरून उत्सर्जन ठरते.

लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतला एक खण तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, म्हणजे जेमतेम नऊ गुंठ्यांचा. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथील असा प्रत्येक खण शेत, माळ, झाडी, पाणी वा बांधकाम यांपैकी कोणत्या तरी वर्गात घालावयाचा असतो. उन्हाळ्यातली प्रतिमा घेतली तर नांगरून उघडे पडलेले रान, उकरलेला मुरूम आणि कारखान्याचा जुना पत्रा यांची यंत्र खुशाल गल्लत करते. म्हणून पावसाळा सरल्यावरची निरभ्र प्रतिमा धरावी, जेव्हा शेतात ज्वारी-कांद्याची हिरवळ असते, माळाचे गवत पिवळे पडू लागलेले असते आणि पत्रा मात्र पत्राच राहिलेला असतो. शंका आल्यास सातबारा पाहावा, तर तोही निमूटपणे साक्ष देईलच असे नाही: संपादनाचा शेरा इतर हक्कांत चढून गेलेल्या जमिनीवरही कारखाना उभा राहीपर्यंत कित्येकदा पीक निघत राहते, आणि मग दफ्तरास जो उद्योग तो उपग्रहास शेत दिसतो.

दोन सालांचे नकाशे एकावर एक ठेवले की कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गात किती खण गेले याचा तक्ता निघतो, आणि त्याच गतीवरून मार्कोव्ह साखळीने भविष्याचा नकाशाही काढता येतो. त्या भविष्याचे मला फारसे कौतुक नाही, कारण औद्योगिक विकास महामंडळाची अधिसूचना काही संभाव्यतेच्या नियमाने निघत नसते.

खरी मेख आहे ती कर्बाच्या कोष्टकात. स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टचे ‘इन्व्हेस्ट’ हे प्रारूप प्रत्येक वर्गासाठी चार आकडे मागते: जमिनीवरील वनस्पतींतला कर्ब, मुळांतला, मातीतला, आणि पालापाचोळ्यातला. झाडीचे आकडे मिळतात, शेताचेही जमतात. माळाशी मात्र हात अडखळतो. त्यास पडीक म्हणून नगण्य आकडा दिला की त्यावर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या नावे जवळजवळ काहीच तोटा लागत नाही. कुसळी-पवन्या गवताच्या ठोंबाखाली लोखंडी कडे ठोकून माती काढावी, तर वरच्या चार बोटांत केसांसारख्या मुळ्यांची दाट जाळी आणि भुरकट काळी माती हाती येते, आणि त्याखाली लगेच मुरूम. ती माती वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीने खडे वेगळे करून, वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४च्या पद्धतीने तिचा सेंद्रिय कर्ब काढतात. येथे हेक्टरी साठा काढताना खड्यांचे आकारमान वजा केले नाही तर माळ फुकटचा श्रीमंत ठरतो. वजा केल्यावरही तो दरिद्री ठरत नाही. हेक्टरी दहा टनांचा फरक धरला, तरी तो सगळा कर्ब हवेत गेल्यास ३६.७ टन कार्बन डायऑक्साइड होतो.

यास्तव माळास पडीक धरून एक आणि गवताळ धरून दुसरा, असे दोन्ही हिशेब मी शेजारी-शेजारी देतो. नकाशा तोच असूनही दुसऱ्यात उत्सर्जन चढते. दुसराही निर्दोष नव्हे: सपाटीकरणात खरवडलेली वरची माती डंपरमधून जाते, कोणा बागायतदाराच्या शेतात पसरते किंवा भरावाखाली गाडली जाते, आणि तिच्यातला कर्ब लागलीच जळतो असे नाही. प्रारूप मात्र तो गेला असेच लिहिते. डंपर कोठे रिकामा झाला हे नोंदविण्यास त्यात रकाना नाही.