केक येतो म्हणजे बेकरी येते असं नाही!

घरी केक छान जमतो म्हणून बेकरीत करिअर करायचं म्हणताय? मग आधी पाव शिका. केकचा फसलेला थर आयसिंगखाली झाकता येतो, पावात लपवाछपवी चालत नाही.

व्यावसायिक बेकरीत वाटी-चमचा नसतो, वजनकाटा असतो. मैदा नेहमी 100 टक्के धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात मोजायचं. म्हणजे 10 किलो मैद्याला 60 टक्के पाणी म्हणजे 6 किलो, 2 टक्के मीठ म्हणजे 200 ग्रॅम. (हो, पाणीसुद्धा वजनावरच!) हे गणित एकदा डोक्यात बसलं की 20 पाव काय नि 2000 काय. पीठ मळून झालं का, हे घड्याळ सांगत नाही. छोटा गोळा बोटांनी ताणायचा. न फाटता पापुद्र्यासारखा पातळ झाला, पलीकडचा उजेड दिसला, की झालं.

शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये 'बेकर अँड कन्फेक्शनर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थांमध्येही बेकरीचा डिप्लोमा मिळतो. महागड्या वीकेंड क्लासची चकचकीत सर्टिफिकेटं मला तरी फारशी पटत नाहीत.

प्रवेश घेण्याआधी ओळखीच्या बेकरीत एक रात्र उभे राहून बघा. सकाळच्या पावाचं काम रात्रीच चालतं.