अवलेहाची तार आणि श्यानतेचे मापन

अवलेहाचा पाक सिद्ध झाला की नाही, हे ओळखण्यासाठी शार्ङ्गधर संहितेत सांगितलेली लक्षणे वैद्यवर्गास मुखोद्गत आहेत. तंतुमत्त्व, पाण्यात टाकल्यास बुडणे, दाबल्यास मुद्रा उमटणे आणि विशिष्ट गंध, वर्ण व रस यांची उत्पत्ती ही ती लक्षणे होत. यांपैकी तार आणि मुद्रा ही द्रव्याच्या घट्टपणाची परीक्षा आहे. आधुनिक शास्त्र या घट्टपणाचा एक पैलू श्यानता, म्हणजेच व्हिस्कोसिटी, या नावाने मोजते.

प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉईज असते, तर एरंडतेलाची त्याच्या जवळजवळ हजारपट. तेच एरंडतेल ४० अंशांवर नेले की श्यानता सुमारे एकचतुर्थांश उरते. म्हणून तापमानाची नोंद नसलेला श्यानतेचा आकडा निरर्थक समजावा. कढईतील उष्ण पाक पातळ भासतो आणि बरणीत थंड झाल्यावर दगडासारखा होतो, त्याचे एक कारण हेच.

कारखान्यात सामान्यतः फिरत्या स्पिंडलचा श्यानतामापक वापरतात. स्पिंडल ठरावीक वेगाने फिरविण्यास किती बल लागते, त्यावरून श्यानता काढली जाते. तेलासारख्या द्रवात वेग बदलला तरी आकडा सहसा बदलत नाही. अवलेह मात्र ढवळताना सैल होतो आणि स्थिर ठेवल्यास पुन्हा घट्ट बनतो. यास्तव नमुन्याचे तापमान, स्पिंडलचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग, पात्राचा आकार आणि विश्रांतीचा काळ या पाचही बाबी प्रत्येक वेळी समान ठेवाव्यात. अन्यथा दोन घाण्यांची तुलना होऊच शकत नाही. उपकरणाची शुद्धताही ज्ञात श्यानतेच्या प्रमाणित तेलाने वेळोवेळी तपासावी.

मापन हे नियंत्रणासाठी असते. बाष्पाच्या दुहेरी भिंतीच्या कढईत पाक दाट होऊ लागला की ढवळणीच्या मोटरवरील भार वाढतो व अॅमीटरचा काटा वर सरकतो. तार येण्याच्या क्षणीचा हा आकडा प्रत्येक घाण्यात नोंदविल्यास बाष्प केव्हा कमी करावे, याचा अंदाज पुढील वेळी आधीच येतो. तळ करपण्याचा धोका त्यामुळे टळू शकतो.

याचा संबंध थेट रुग्णाशी आहे. पाक मृदू राहिल्यास जलांश अधिक उरून बुरशी व आंबणे संभवते. खर झाल्यास शर्करेचे खडे बनतात आणि भरणयंत्रातून बरणीत कमीअधिक वजन पडते.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. डिंक वा तत्सम द्रव्य मिसळूनही श्यानता वाढविता येते. त्यामुळे केवळ या आकड्यावरून पाक सिद्ध मानू नये. जलांश आणि शर्करेचे प्रमाण यांची जोड हवीच. गंध, वर्ण व रस यांची परीक्षा तर कोणताही श्यानतामापक करू शकत नाही.

अनुभवी पाककर्त्याच्या बोटांतील ज्ञान अमोल आहे, पण तो निवृत्त झाला की तेही त्याच्याबरोबर जाते. त्याने तार पाहून पाक सिद्ध ठरविला, त्याच घाण्याचा नमुना मोजून आकडा नोंदवून ठेवावा. अशा दहा-वीस घाण्यांच्या नोंदींतून आपल्या रसशाळेची स्वतःची मर्यादा ठरते, आणि शास्त्रोक्त लक्षण पुढील पिढीच्या हाती मोजमापासह सोपविता येते.