एकनिष्ठ बेदिव्हिअर

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे प्राचीन काळापासून आर्थर राजाच्या दंतकथा सांगितल्या जात. आर्थरच्या पदरी अनेक शूर सरदार होते. त्यांपैकी अगदी जुन्या कथांतही ज्याचे नाव आढळते, असा सरदार म्हणजे बेदविर. इंग्रजी कथांत त्यालाच बेदिव्हिअर म्हणतात.

एका वेल्श कथेत बेदविरला एकच हात आहे. तरीही रणांगणावर तीन योद्धे मिळूनही त्याची बरोबरी करू शकत नसत. आपला सोबती कै ज्या कामगिरीवर जाई, तीवर जाण्यास तो कधीही कचरला नाही.

परंतु त्याच्या निष्ठेची खरी कसोटी युद्धात लागली नाही. ती लागली आर्थरच्या अंतकाळी. टॉमस मॅलरी याने पंधराव्या शतकात इंग्रजीत लिहिलेल्या व १४८५ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात ही कथा येते.

बंडखोर मॉर्ड्रेडशी झालेल्या घनघोर लढाईत मॉर्ड्रेड ठार झाला आणि राजाही प्राणघातक जखमी झाला. त्याने बेदिव्हिअरला आपली तलवार एक्सकॅलिबर जवळच्या पाण्यात फेकण्याची आज्ञा केली व तेथे काय दिसले ते येऊन सांगण्यास बजावले. बेदिव्हिअर निघाला, पण तलवारीची रत्नजडित मूठ पाहून त्याचे मन कचरले. एवढे अमोल शस्त्र पाण्यात टाकून कोणाचे भले होणार? त्याने ते एका झाडाखाली लपवले आणि परत येऊन, वारा व लाटा यांखेरीज काही दिसले नाही, असे सांगितले. आज्ञा पाळली गेली नाही, हे राजाने तत्काळ ओळखले. दुसऱ्या खेपेसही तसेच घडले. तेव्हा राजाने त्याची कठोर निर्भर्त्सना केली.

तिसऱ्या वेळी बेदिव्हिअरने तलवार दूर भिरकावली. तोच पाण्यातून एक हात वर आला. त्याने ती झेलली, तीन वेळा फिरवली आणि तो दिसेनासा झाला. हे ऐकून राजाचे समाधान झाले. बेदिव्हिअरने त्याला पाठीवर घेऊन काठाशी नेले. तेथे काळी शिरोवस्त्रे घेतलेल्या स्त्रियांची नौका उभी होती. ती राजाला घेऊन ॲव्हलॉनकडे निघून गेली. बेदिव्हिअरने पुढील आयुष्य एका आश्रमात विरक्त वृत्तीने घालवले.

रणात प्राण पणास लावणाऱ्या या वीराला एक तलवार सोडणे जड गेले. तो दोनदा चुकला, खोटेही बोलला. परंतु अखेरीस त्याने मोह जिंकला. म्हणूनच त्याची निष्ठा कथाकारांनी अमर केली.