इओसिनोफिल पेशींची वाढ आणि मूत्रपिंडाचे रक्षण

खानापूर तालुक्यातील नंदगड परिसरात भाताची शेती मोठ्या प्रमाणावर होते. मलाने दूषित झालेल्या ओल्या मातीत अनवाणी वावरल्यास अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात. अशा रुग्णाच्या रक्तात ‘इओसिनोफिल’ या श्वेतपेशी वाढलेल्या आढळतात. इओसिन या तांबड्या रंगाने त्या रंगतात, म्हणून पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली त्यांना हे नाव दिले.

या पेशींचे प्रमाण अहवालात शेकड्यात दिलेले असते. एकूण श्वेतपेशी १२,००० व इओसिनोफिल २० टक्के असल्यास त्यांची संख्या २,४०० होते. सर्वसाधारणपणे ती दर घनमिलिमीटर रक्तात ५०० च्या आत असते. १,५०० हून अधिक संख्या टिकून राहिल्यास सखोल तपासणी अवश्य होय.

जंत, वावडे, दमा व काही औषधे ही या वाढीची नेहमीची कारणे होत. क्वचित रक्तपेशींच्या मूळ दोषामुळे किंवा रक्तवाहिन्यांच्या दाहामुळेही ही वाढ होते. चर्ग व स्ट्रॉस यांनी १९५१ साली वर्णन केलेल्या विकारात दम्याबरोबर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह असतो.

जंतांचा नाश करणारी प्रथिने या पेशींच्या कणांत साठविलेली असतात. पेशी अवयवांत साचल्या म्हणजे तीच प्रथिने शरीराच्या ऊतींना इजा करतात. रक्ताच्या गुठळ्या होऊन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही खंडित होऊ शकतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना सूज आली की लघवीतून प्रथिने व रक्त जाऊ लागते. आरंभी वेदना होत नाहीत, त्यामुळे रोग ध्यानात येत नाही.

म्हणून इओसिनोफिल फार वाढलेले असल्यास लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन व रक्तदाब यांची नोंद करून घ्यावी. चेहऱ्यावर वा पायांवर सूज, फेसाळ किंवा तांबूस लघवी, लघवी कमी होणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

उपचार कारणानुसार बदलतात. जंतांवर जंतनाशक औषध देतात. औषधाचे वावडे असल्यास ते औषध थांबवितात. दुर्मिळ विकारांत स्टिरॉइड, तर विशिष्ट जनुकीय दोषात इमॅटिनिब उपयोगी पडते. मात्र स्टिरॉइड कधीही मनाने घेऊ नये. आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस जातीचे कृमी असल्यास त्याने प्राणावर बेतू शकते. वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडास अपाय करतात.

शौचालयाचा वापर, पायांत पादत्राणे व वेळेवर तपासणी हे उपाय प्रत्येक कुटुंबाला साध्य आहेत. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघर पोहोचवावी.