विचार बदलण्याचा हक्क : अमेरिकेतील तरुण फुटबॉलपटू, त्यांची कुटुंबे आणि चाहत्यांची लेखणी

माहिती-तंत्रज्ञानाच्या या युगात खेळाडू आणि चाहता यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे. पूर्वी चाहत्याचा जयघोष किंवा संताप मैदानाच्या भिंतींच्या आत विरून जात असे. आज तो थेट खेळाडूच्या मोबाईलवर आणि पर्यायाने त्याच्या घरातील जेवणाच्या टेबलावर येऊन पोहोचतो. नावारूपाला आलेल्या, मानधन घेणाऱ्या खेळाडूंनाही हे ओझे जड जाते. मग सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी मुलावर ते पडले तर काय होते? अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत पुरेशा स्पष्टपणे दिले आहे.

खेळ आणि त्यामागील व्यवस्था

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यायचा, असे त्याचे स्वरूप. तेथे विद्यापीठांच्या संघांना विलक्षण लोकप्रियता लाभली आहे. मिशिगन, ओहायो स्टेट, टेनेसी यांसारख्या विद्यापीठांच्या क्रीडांगणांत एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ साली इंडियाना राज्यात स्थापन केलेले नॉटर डेम हे कॅथलिक विद्यापीठही याच स्पर्धेतील एक नामवंत संघ बाळगून आहे.

या संघांसाठी खेळाडू निवडले जातात ते माध्यमिक शाळांतून. प्रशिक्षक मुलांच्या घरी जातात, त्यांना विद्यापीठात बोलावतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. या प्रक्रियेला तेथे ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. क्रीडापत्रकारिता करणाऱ्या संस्था या मुलांना एक ते पाच ताऱ्यांची प्रतवारी देतात. मुलगा प्रथम एखाद्या विद्यापीठाला तोंडी होकार देतो. हा होकार दोन्ही बाजूंना बंधनकारक नसतो. सही करण्याचा पारंपरिक दिवस म्हणजे फेब्रुवारीतील पहिला बुधवार. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सही करता येऊ लागली आणि आता बहुतेक मुले तेव्हाच मोकळी होतात.

होकार आणि सही यांमध्ये कित्येक महिने, क्वचित काही वर्षेही जातात. फेब्रुवारी २०१० मध्ये डेव्हिड सिल्स या अवघ्या १३ वर्षांच्या मुलाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रस्ताव स्वीकारला, तेव्हा साऱ्या देशात चर्चा झाली. पुढे ज्या प्रशिक्षकाने तो प्रस्ताव दिला, त्यालाच २०१३ मध्ये पदावरून दूर करण्यात आले आणि सिल्स अखेर वेस्ट व्हर्जिनियाकडून खेळला. मधल्या काळात मूल वाढते, घरची परिस्थिती पालटते, प्रशिक्षक बदलतात. म्हणूनच विचार बदलण्याची मोकळीक या व्यवस्थेत गृहीत धरलेली आहे. चाहत्यांचे समाजमाध्यमांवरील वर्तन आघात करते ते नेमके या मोकळिकीवर.

कौतुकापासून संतापापर्यंत

आरंभ बहुधा कौतुकाने होतो. एखाद्या मोठ्या विद्यापीठाने प्रस्ताव दिल्याचे मुलाने जाहीर करताच हजारो अनोळखी माणसे त्याचा पाठपुरावा करू लागतात. त्याला आपल्या संघाच्या गणवेशात दाखवणारी चित्रे तयार होतात. त्याची आई, भावंडे, मैत्रीण यांनाही संदेश जाऊ लागतात. शाळेत कालपर्यंत सामान्य असलेल्या मुलाला हे सारे सुखावणारे वाटले तर नवल नाही.

दुसरा टप्पा प्रतीक्षेचा. मुलाने कोणत्या प्रशिक्षकाच्या मजकुराला पसंती दर्शवली, कोणत्या सामन्याला तो आईवडिलांसह दिसला, प्रशिक्षकांचे विमान कोणत्या शहरात उतरले, यावरून तर्क लढवले जातात. मुलाचे साधे मौनही संशयास्पद ठरते. दुसऱ्या विद्यापीठाला भेट देणे म्हणजे विश्वासघात, असे त्याला सुनावले जाते. वास्तविक शिक्षण, निवास, दुखापतीनंतरची काळजी, घरापासूनचे अंतर या गोष्टी प्रत्यक्ष पाहून ठरवणे हे सुज्ञ पालकांचे कर्तव्यच असते.

तिसरा टप्पा निर्णयानंतरचा. एका विद्यापीठाची निवड म्हणजे इतर अनेकांची निराशा. कालचे कौतुक करणारे आज त्याच मुलाला अपयश आणि दुखापत चिंतू लागतात. टेक्सासच्या पेटन बोवेनने जवळजवळ वर्षभर नॉटर डेमला होकार दिलेला होता. २१ डिसेंबर २०२२ रोजी त्याने ओरेगनचे नाव जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी सही केली ती ओक्लाहोमासाठी. प्रौढांनाही गोंधळात टाकणारा हा निर्णय एका शाळकरी मुलाला तीन विद्यापीठांच्या चाहत्यांच्या नजरेखाली घ्यावा लागला.

घराच्या उंबरठ्याच्या आत

या दडपणाचा सर्वांत मोठा भार कुटुंबावर पडतो. जानेवारी २०१२ मध्ये लुईझियानाच्या लँडन कॉलिन्सने दूरचित्रवाणीवर अलाबामा विद्यापीठाची निवड जाहीर केली. शेजारी बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती. मुलाने आपल्याच राज्यातील लुईझियाना स्टेट विद्यापीठात जावे, अशी तिची इच्छा होती आणि तिने ती तेथेच बोलून दाखवली. आई आणि मुलगा यांच्यातील असा मतभेद कोणत्याही घरात होऊ शकतो. चार भिंतींच्या आत तो दोन दिवसांत मिटतोही. परंतु ते दृश्य देशभर पुनःपुन्हा दाखवले गेले आणि एका घरातील मतभेद लोकांच्या करमणुकीचा विषय झाला.

जेथे घराचा निर्णय हा जमावाचा निर्णय बनतो, तेथे घरातील माणसेही एकमेकांशी मोकळेपणाने बोलेनाशी होतात. “मला भीती वाटते,” “माझी चूक झाली असे वाटते,” हे मुलाने आईवडिलांना सांगण्याची वाक्ये असतात. पण एकदा जाहीर केलेल्या होकारावर हजारो लोकांनी आपला आनंद टाकलेला असला, की मुलगा ती वाक्ये गिळून टाकतो. पालकही मुलाला शिव्याशाप मिळू नयेत म्हणून मनातील शंका दाबून ठेवतात. चुकीच्या ठिकाणी जाण्याचा धोका अशा रीतीने वाढतो आणि त्याची किंमत मोजायला चाहता पुढे येत नाही.

सही झाली म्हणजे हे संपते असेही नाही. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात अलाबामाच्या केड फॉस्टरच्या किक चुकल्या. त्या रात्री या विद्यार्थ्याला ट्विटरवर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वहस्ते पत्र लिहून धीर दिला, ही त्यातील एक सुखद बाब. कॉलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरला डिसेंबर २०२४ मध्ये हाइझमन हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा टीकेचा रोख वळला तो त्याच्या वाग्दत्त वधूकडे. आयुष्यातील आनंदाच्या आठवड्यात त्याला तिची बाजू मांडावी लागली आणि आपले इन्स्टाग्राम खाते बंद करावे लागले.

मोबाईल बंद करणे पुरेसे का नाही?

“एवढा त्रास होतो तर ती माध्यमे वापरू नयेत,” असे कोणीही सहज म्हणेल. परंतु प्रश्न तेवढा सोपा राहिलेला नाही. प्रशिक्षक मुलांशी संपर्क साधतात तो याच माध्यमांतून. शिवाय १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाच्या व छबीच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. ज्याचे अनुयायी अधिक, त्याला जाहिरातदारांकडून मोबदला अधिक. सामान्य परिस्थितीतील कुटुंबासाठी ते खाते म्हणजे मिळकतीचे साधन असते. ज्या दारातून शिवी आत येते, त्याच दारातून मीठभाकरीही येते.

सट्ट्याने यात आणखी भर घातली. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे राज्यांना क्रीडासट्टा कायदेशीर करण्याचा मार्ग मोकळा झाला. महाविद्यालयीन क्रीडा नियंत्रित करणाऱ्या ‘एन.सी.ए.ए.’ या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. विविध खेळांच्या प्रमुख स्पर्धांच्या काळातील सुमारे १३ लाख मजकुरांची त्यात तपासणी झाली. त्यांपैकी ५,००० हून अधिक मजकूर द्वेषपूर्ण, अपमानास्पद किंवा धमकीवजा आढळले आणि त्यांतील किमान १२ टक्के सट्ट्याशी संबंधित होते. पैसे हरलेला माणूस विद्यार्थ्याला जाब विचारतो, ही या काळाची नवी विकृती होय.

एकनिष्ठेची अपेक्षा कोणाकडून?

चाहते म्हणतात, “दिलेला शब्द पाळायला हवा.” तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण मोठी माणसे तो कितपत पाळतात? नॉटर डेमचे प्रशिक्षक ब्रायन केली १२ हंगामांनंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये लुईझियाना स्टेटकडे निघून गेले. त्या विद्यापीठानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना पदमुक्त केले. त्यांच्या शब्दावर विसंबलेली मुले दोन्ही वेळा अधांतरी राहिली. विद्यापीठे स्वतः दिलेले प्रस्तावही मागे घेतात. ज्या व्यवस्थेत अनुभवी प्रौढ आपला निर्णय फिरवू शकतात, तेथे सतरा वर्षांच्या मुलाकडून अढळ निष्ठा मागणे न्यायाचे नाही.

उपाय कोणते?

सर्वच कुटुंबे हतबल असतात असे नाही. न्यू ऑर्लिन्सच्या मॅनिंग कुटुंबातील आर्च हा आपल्या पिढीतील सर्वाधिक चर्चिला गेलेला खेळाडू. कुटुंबाने त्याची शालेय वर्षे प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर ठेवली. २३ जून २०२२ रोजी त्याने टेक्सास विद्यापीठाची निवड ट्विटरवर एका ओळीत जाहीर केली आणि तोच त्याचा तेथील पहिला संदेश होता. मॅनिंग घराण्यात तीन नामांकित क्वार्टरबॅक होऊन गेले असल्याने त्यांना हे साधले. इतरांनाही त्यातून काही शिकता येईल. खाते पालकांपैकी एकाने सांभाळावे. अनोळखी व्यक्तींचे खासगी संदेश बंद ठेवावेत. निर्णय पक्का होईपर्यंत काहीही जाहीर करू नये. धमकी आल्यास मजकूर जपून ठेवून शाळा व पोलिसांना कळवावे. आणि निजण्याच्या खोलीत मोबाईल नसावा.

चाहत्यांसाठीचा नियम तर याहून सोपा आहे. अनेक विद्यापीठे आपल्या चाहत्यांना बजावतात, की निवड न झालेल्या मुलांशी परस्पर संपर्क साधू नका. त्याने नियमभंग होऊ शकतो. सही झाल्यानंतर स्वागत जरूर करावे. तोपर्यंत मुलाला आणि त्याच्या घरच्यांना काहीही लिहू नये. दुसरीकडे गेला तर शुभेच्छा द्याव्यात, नाहीतर मौन पाळावे.

वाचकहो, आपणही कोणाचे ना कोणाचे चाहते असतो. एक ओळ लिहायला आपल्याला क्षणभर पुरतो आणि ती आपण लगेच विसरतो. परंतु अशा हजारो ओळी एकाच घरात एकाच रात्री येऊन पडतात, तेव्हा तेथे एक मुलगा जागा असतो आणि त्याच्या खोलीबाहेर त्याची आई जागी असते. लिहिण्यापूर्वी त्या दोघांची आठवण ठेवली, तर खेळावरील आपले प्रेम तसूभरही कमी होणार नाही.