केबलचा पाझर कसा मोजतात?

आपल्या बालाघाटजवळची भरवेलीची मँगनीज खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. अशा भूमिगत खाणीत पंप, पंखे आणि माणसांना वर-खाली नेणारा पाळणा विजेवर चालतात. ही वीज केबलमधून खाली जाते. केबलचे आवरण फाटले तर आतल्या माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून नवी किंवा दुरुस्त केलेली केबल चालू करण्याआधी तिच्यावर उच्च दाब देऊन आवरणातून किती वीज झिरपते ते पाहतात.

चाचणीआधी अंदाज बांधण्यासाठी आपल्याला शाळेत शिकवलेला ओहमचा नियम पुरतो. समजा, १ किलोमीटर केबलच्या आवरणाचा रोध १००० मेगोहम आहे आणि आपण १०,००० व्होल्ट एकदिश दाब दिला. भागाकार केला की गळती १० मायक्रोअँपिअर येते, म्हणजे एका अँपिअरचा लाखावा भाग. तशीच केबल २ किलोमीटर असेल, तर झिरपायला जागा दुप्पट, रोध निम्मा आणि गळती २० मायक्रोअँपिअर. म्हणून लांबी न सांगता नुसता आकडा सांगणे अपुरे आहे.

प्रत्यक्षात काटा आधी बराच वर जातो. घाबरू नये! नवा माठ आठवा. आधी पाणी माठ भरण्यात जाते, मग माती पाणी पिते आणि शेवटी उरतो तो बारीक, सारखा पाझर. केबलही आधी विद्युतभार साठवते, मग आवरण थोडा भार शोषते. काही मिनिटांनी काटा उतरून स्थिर झाला, तर तीच खरी गळती. दाब तोच असून काटा चढू लागला, तर माठाला तडा आहे असे समजावे. ओल, खराब जोड किंवा जुने आवरण ही त्याची नेहमीची कारणे.

५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती दाबाने चाचणी केली, तर केबल सतत भरते-रिकामी होते. ११ हजार व्होल्टच्या केबलला त्यासाठी किलोमीटरमागे अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. ती गळती नव्हे. प्लास्टिक आवरणाच्या जुन्या केबलला एकदिश उच्च दाबाने इजा होऊ शकते, म्हणून तिथे ०.१ हर्ट्झचा अतिमंद दाब वापरतात.

चाचणी संपली तरी केबलमध्ये भार उरतो. ती जमिनीशी जोडून रिकामी केल्याशिवाय कोणीही हात लावू नये.

पालक आणि विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, पावसाळ्यापूर्वी विहिरीच्या व शाळेच्या पंपाची केबल परवानाधारक वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावी आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तो घसरलेला दिसला, तर केबल वेळीच बदलता येईल.